पैसे वाटेत असताना

तारकर्लीच्या रस्त्याला काकीची खानावळ आहे. अंगणात चार टेबलं, वर झापांचा मांडव, मागे माड आणि माडांच्या पलीकडे कर्लीची खाडी. काकी आईच्या माहेरकडची. नातं नेमकं कुठून लागतं ते आईलाही धड सांगता येत नाही, पण मालवणला गेले की तिच्याकडे एकदा जेवायचं हे ठरलेलं. ऐन मे महिन्यात, गाड्यांची रांग देवबागच्या दिशेने सरकत असताना मी पोचले, तर ती दारात उभी राहून येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होती की आज फक्त रोख. क्यूआरचा बोलका बॉक्स गल्ल्याशेजारी उपडा करून ठेवलेला. गर्दी ओसरल्यावर तिने पदराला हात पुसले आणि फोन माझ्यापुढे धरला. बँकेचा मेसेज, इंग्रजीत. खात्यावर ‘डेबिट फ्रीझ’. शाखेत विचारल्यावर तिला कळलं होतं की कुठल्याशा लांबच्या राज्यातल्या सायबर पोलिसांकडून पत्र आलंय. काही दिवसांपूर्वी एक कुटुंब सुरमईची थाळी जेवून गेलं होतं. बिल १,८५० रुपये, फोनवरून दिलेलं. ते पैसे ज्या खात्यातून आले त्यात म्हणे कुणाला तरी फसवून उचललेली रक्कम शिरली होती. त्या १,८५० रुपयांपायी काकीचं अख्खं खातं, ६० हजारांच्या आसपास, अडकून पडलं. नवे पैसे आत येत होते. बाहेर काही निघत नव्हतं.

“गो बाय, तू ह्याचीच वकील मा?” काकी म्हणाली. “मिया जेवक घातलंय, पैसे घेतलंय. ते खंयसून इले ता माका कसा कळतला? बॉक्सान सांगल्यान मा, पैसे इले म्हणान? मगे ते माजे कसे नाय?”

ह्याची वकील म्हणजे पेमेंटच्या कायद्याची. हे काय काम आहे ते मी गावात अनेकदा समजावून सांगितलंय आणि प्रत्येक वेळी समोरच्याच्या चेहऱ्यावर तीच निराशा पाहिली आहे. आमच्याकडे वकील लागतो तो वहिवाटीला, कुळाच्या जमिनीला, सातबाऱ्यावर चढलेल्या आणि मुंबईत बसून सही न देणाऱ्या चुलत्याला नोटीस धाडायला. दोन भावांच्या मधल्या गडग्याचा एक दगड हलला तरी तीन पिढ्यांना पुरेल एवढं काम निघतं. त्यातलं काहीही न करणारी, काळा कोट कपाटात ठेवून काचेच्या इमारतीत बसणारी मुलगी हा त्यांच्या लेखी वकिलीचा प्रकारच नव्हे. आजोबांच्या वयाच्या एका शेजाऱ्यांनी तर तोंडावरच विचारलं होतं, “कोर्टाची पायरी नाय चढलेली वकील खंयची गो?” ते तसं खरं नव्हतं. मुंबईत माझी सुरुवात कोर्टाच्या पायऱ्यांवरच झाली. चेक न वटल्याचे खटले, म्हणजे कलम १३८. परक्राम्य संलेख अधिनियम १८८१चा, पण हे कलम त्यात १९८८च्या दुरुस्तीने आलं. चेक परत आल्याचं कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस, नोटीस मिळाल्यापासून पैसे भरायला १५ दिवस, नाही भरले तर पुढच्या महिन्याभरात फिर्याद. ह्या तीन मुदती मोजण्यात माझी ज्युनिअरकी गेली. दंडाधिकाऱ्यांच्या कोर्टात सकाळी बोर्ड लागलेला असायचा, त्यावर एकाखाली एक तेच कलम, आणि बाकावर बसलेले आरोपी बहुतेक घामेजलेले छोटे व्यापारी. गुन्हेगारासारखं त्यांच्यात काही दिसायचं नाही. त्यांनाही कुणीतरी पैसे द्यायचे बाकी असायचे.

मग २०१६ आलं. एप्रिलमध्ये यूपीआय सुरू झालं तेव्हा आमच्या चेंबरमध्ये कुणाच्या खिजगणतीत नव्हतं. ८ नोव्हेंबरच्या रात्रीनंतर मात्र ज्या कंपन्यांचं नाव कुणी ऐकलं नव्हतं त्यांना वकील हवे झाले, आणि ज्यांना पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स ॲक्ट, २००७ हे नाव एका दमात घेता येत होतं असे लोक फार नव्हते. मला त्यातलं एक कलम आधीपासून माहीत होतं. कलम २५, खात्यात पैसे नसल्यामुळे इलेक्ट्रॉनिक वळतं परत गेलं तर होणारी शिक्षा, म्हणजे १३८चंच धाकटं भावंड. त्या एका कलमाच्या बोटाला धरून मी उरलेल्या कायद्यात शिरले. छोटा कायदा आहे, एका बैठकीत वाचून होतो. खरं राज्य त्याच्या आधाराने निघणाऱ्या परिपत्रकांचं. रिझर्व्ह बँकेच्या परवानगीशिवाय कुणी पेमेंट सिस्टिम चालवायची नाही हे कलम ४ सांगतं, आणि ती कशी चालवायची हे १० आणि १८च्या जोरावर रिझर्व्ह बँक सांगत राहते. आमच्या धंद्यातली माणसं संध्याकाळी तिचं संकेतस्थळ उघडून बघतात, गावाकडे माणसं आभाळ बघतात तसं.

६ एप्रिल २०१८, शुक्रवार. कोकणकन्येचं तिकीट काढलेलं होतं. त्या दिवशी दोन परिपत्रकं आली. एक, पेमेंटचा सगळा डेटा सहा महिन्यांत भारतातच साठवायला हवा. दुसरं, बँकांनी आभासी चलनाच्या व्यवहारांना हात लावायचा नाही. दुसरं पुढे ४ मार्च २०२०ला सर्वोच्च न्यायालयाने रद्द केलं. पहिलं राहिलं. त्या रात्री मी वरच्या बर्थवर आडवी होऊन फोनवर पहिलं परिपत्रक वाचत होते, परदेशातल्या क्लायंटचे मेसेज येत होते आणि गाडी बोगद्यात शिरली की सगळं एकदम बंद. करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटरचा आहे. क्लायंटने विचारलं होतं, ‘संपूर्ण डेटा’ म्हणजे किती? मी उत्तर टाइप केलं आणि रत्नागिरी येईपर्यंत ते जात राहिलं. सकाळी कुडाळला उतरले तेव्हा फलाटावर आंब्याच्या पेट्यांचा वास होता. बाबा न्यायला आले होते. त्यांना मी सांगू लागले की डेटा कुठल्या देशात ठेवायचा यावरून केवढा गदारोळ झालाय. ते म्हणाले, “ह्या वर्षी मोहोर बरा होता, पण थ्रिप्सने खाल्ला.”

आमची आंब्याची कलमं थोडी, देवगडकडच्या बागायतदारांपुढे सांगायची लाज वाटावी इतकी. पण वाशीच्या दलालाकडून पट्टी यायची आणि ती वाचायचं काम माझं असायचं. अमुक पेट्या, अमुक भाव, एकूण इतके. मग खाली वजावटी. भाडं, हमाली, तोलाई, दलाली, मोसमाच्या सुरुवातीला घेतलेली उचल, आणि शेवटी एक ओळ असायची, ‘इतर’. बाबांचं बोट नेहमी त्या ओळीवर थांबायचं. ‘इतर’मध्ये काय आहे हे विचारायला फोन करायचा तर एसटीडीच्या दुकानात जायला लागायचं, आणि दलाल भला माणूस होता, पुढच्या वर्षीची उचल त्याच्याकडूनच घ्यायची होती. पुढे मी व्यापाऱ्यांशी करायचे करार लिहायला लागले. दुकानदाराच्या खात्यात पैसे कधी जमा होतील, त्यातून काय कापलं जाईल, ग्राहकाने तक्रार केली तर कंपनी किती दिवस रक्कम रोखून ठेवू शकेल, हे सगळं त्यात असतं. तेव्हा मी एक नियम पाळला. वजावटीच्या यादीत ‘इतर’ लिहायचं नाही. समोरचे वकील हसायचे. एवढ्या लांब यादीला कोण वाचतं, म्हणायचे. मला वाचणारा माणूस माहीत होता.

रक्कम रोखून ठेवण्याचं कलम मात्र मी लिहायचे, आणि आजही लिहीन. त्याशिवाय चालत नाही. खोटं दुकान उघडून, चोरलेल्या कार्डांवर खरेदी दाखवून, पैसे हातात पडताच शटर ओढून पळणारे लोक असतात. मी त्यांच्या फायली पाहिल्या आहेत. पैसे वाटेत असताना ते कुणाच्या ताब्यात आहेत आणि वाटेतच काही झालं तर कुणाच्या अंगावर पडायचं, पेमेंटचा सगळा कायदा ह्या दोन प्रश्नांभोवती फिरतो. बाकी सगळा तपशील. रिझर्व्ह बँकेने ह्या प्रश्नांना उत्तरं दिलेली आहेत आणि बरीचशी चांगली दिलेली आहेत, हे मी कुणाला खूश करायला लिहीत नाही. ६ जुलै २०१७च्या परिपत्रकाने सांगितलं की बँकेची किंवा ग्राहकाची चूक नसताना तिसऱ्याच कुणी खात्यातून पैसे काढले आणि ग्राहकाने तीन कामकाजी दिवसांत कळवलं, तर त्याच्यावर एक रुपयाचा भार नाही. आणि चूक ग्राहकाची होती हे सिद्ध करायचं बँकेने. २० सप्टेंबर २०१९च्या परिपत्रकाने सांगितलं की यूपीआयने पाठवलेले पैसे इकडून गेले आणि तिकडे पोचले नाहीत, तर दुसऱ्या दिवसापर्यंत परत, दुकानदाराला द्यायचे असतील तर पाच दिवसांत, आणि उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये. मागावे लागत नाहीत, बँकेने आपणहून द्यायचे. माणसांना हे माहीत नसतं याचं मला वाईट वाटतं.

पण ही सगळी कोष्टकं, नीट बघा, पैसे देणाऱ्याची आहेत.

काकी घेणारी होती. तिच्या बाजूने कुठलीच गडबड झाली नव्हती. पैसे निघाले, पोचले, बॉक्स बोलला. बॉक्स बोलतो तेव्हा आत काय झालेलं असतं ते तिला मी पूर्वी एकदा हौसेने सांगितलं होतं. पर्यटकाचं ॲप, त्याची बँक, मधला यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयचा स्विच, तुझी बँक. तुझ्या खात्यात रक्कम लगेच चढते, बँका आपापसातला हिशेब दिवसातून अनेकदा जुळवून रिझर्व्ह बँकेतल्या खात्यांवर चुकता करतात, म्हणजे तुझी बँक तुला आधी देते आणि त्यांच्याकडून मागाहून घेते. तिला ते आवडलं होतं. “म्हणजे बँक माझ्यावर विश्वास ठेवता,” ती म्हणाली होती. तेव्हा मी दुरुस्त केलं नाही. बँकेचा विश्वास दुसऱ्या बँकेवर असतो, आणि त्या दोघींचा रिझर्व्ह बँकेवर.

माझ्या आजीकडे मनीऑर्डर यायची. आधी आजोबांची, गिरणगावातून. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला आणि ती थांबली, मग काही वर्षांनी काकांची सुरू झाली, लालबागवरून. मला आठवते ती काकांची. पोस्टमन दुपारी यायचा, पडवीत बसायचा, आधी पाणी, मग गूळ, मग गावातल्या बातम्या, आणि मग खाकी पिशवीतून फॉर्म. आजीच्या अंगठ्याला शाई लावून तो स्वतः तिचा अंगठा धरून उमटवायचा, साक्षीला समोरच्या घरातलं कुणीतरी, आणि नोटा दोनदा मोजायचा, एकदा स्वतःसाठी, एकदा तिला ऐकू जाईल अशा. फॉर्मच्या खालच्या तुकड्यावर काकांनी दोन ओळी लिहिलेल्या असायच्या, त्या मी वाचायच्या. २० रुपयांना १ रुपया कमिशन होतं, म्हणजे शंभरामागे पाच. आज यूपीआयवर दुकानदाराकडून काही घ्यायचं नाही असा नियम जानेवारी २०२० पासून आहे, आणि त्या शून्याचा खर्च कोण सोसतो यावर आमच्या क्षेत्रात अखंड हमरीतुमरी चालते. मला त्या वादात पडताना नेहमी पोस्टमन दिसतो. पाच टक्के फार होते, गिरणी कामगाराच्या पगारातून तर फारच. पण त्या पाच टक्क्यांत एक माणूस येत होता. मनीऑर्डर उशिरा आली की आजी त्याच्यावर तोंडसुख घ्यायची, तो ऐकून घ्यायचा, मुख्य पोस्टात विचारतो म्हणायचा आणि खरंच विचारून यायचा.

हे लिहिताना मला जुनं ते सोनं वगैरे म्हणायचं नाही. पावसाळ्यात मनीऑर्डर आठ-आठ दिवस खोळंबायची आणि त्या दिवसांत घरात काय शिजायचं ते मला आठवतं. आज लालबागवरून पाठवलेले पैसे आई मागीलदारी भांडी घासत असताना तिच्या खात्यात येतात आणि ती पुरुषांपैकी कुणालाही न सांगता ते खर्च करू शकते. ही फार मोठी गोष्ट आहे. फक्त तक्रार करायला पडवीत कुणी येत नाही.

काकीच्या शाखेत मी तिच्यासोबत गेले. तिथला साहेब वयाने लहान, विदर्भातून नव्याने बदलून आलेला, उकाड्याने आणि मालवणीने बेजार झालेला. त्याने आम्हाला खुर्च्या दिल्या, चहा मागवला आणि सांगितलं की हे सिस्टिममधून लागलंय, शाखेच्या हातात काही नाही. तो खोटं बोलत नव्हता. फसलेला माणूस १९३० ह्या सायबर तक्रारीच्या नंबरवर फोन करतो, तक्रार पोर्टलवर चढते, पैसे पहिल्या खात्यातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात कसे फुटत गेले त्याचा माग निघतो, आणि त्या वाटेवरच्या प्रत्येक बँकेकडे निरोप जातो की रक्कम थांबवा. चोर मिनिटांत पैसे फिरवतात म्हणून हेही मिनिटांत व्हावं लागतं. ह्याच व्यवस्थेने आमच्या ओळखीतल्या एका निवृत्त शिक्षकांचे बरेचसे पैसे वाचवले. त्यांना व्हिडिओ कॉलवर खोट्या पोलिसांनी दिवसभर बसवून ठेवलं होतं, शेजारणीला संशय आला, तिने १९३० लावला. त्यांच्या घरी जाऊन कुणी खाती गोठवण्याविरुद्ध भाषण केलं तर ते काठी घेऊन मागे लागतील, आणि बरोबर करतील. अडचण पुढच्या पायरीवर आहे. चोराने त्या पैशांतून कुठेतरी जेवण केलं, पेट्रोल भरलं, स्कूबाची फेरी मारली, की तो माग थेट जेवण वाढणाऱ्या बाईच्या खात्यापर्यंत येतो आणि तिथे थांबतो. ती पळून जात नाही, म्हणून सापडते.

कायदा काय म्हणतो? बँक खातं ही ‘मालमत्ता’ आहे आणि पोलिसांना ती तपासासाठी रोखता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९९मध्ये सांगितलं, महाराष्ट्र शासनाच्याच एका प्रकरणात. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १०२, आता १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १०६. त्याच कलमात असंही आहे की जप्ती केल्याचं पोलिसांनी दंडाधिकाऱ्यांना विनाविलंब कळवायचं. हे उपकलम माणसं विसरतात. आणि किती रोखायचं? केरळ उच्च न्यायालयाने २०२३मध्ये सांगितलं की संशय जेवढ्या रकमेवर आहे तेवढीच थांबवा, अख्खं खातं नको. दिल्लीत एका छोले-भटुरे विकणाऱ्याचं सगळं खातं १०५ रुपयांच्या संशयावरून गोठलं होतं, तोही उच्च न्यायालयात गेला आणि त्याला दिलासा मिळाला. मी हे काकीला सांगितलं तेव्हा तिने एवढंच विचारलं, त्या माणसाने तोवर छोले कशाने आणले?

प्रश्न तोच होता. मुंबईत मी जेव्हा ‘रक्कम रोखून ठेवता येईल’ असं लिहायचे तेव्हा त्या रोखलेल्या काळाला माझ्या डोळ्यांसमोर चेहरा नसायचा, आकडा असायचा, आणि कंपनीच्या ताळेबंदात तो बरा दिसायचा. काकीकडे त्या काळाला वेळापत्रक होतं. संध्याकाळी किनाऱ्यावर लिलाव होतो, मासळी घेणारी बाई काकीला उद्याची सुरमई उधारीवर देते पण परवाची देत नाही, कारण तिलाही ट्रॉलरवाल्याला द्यायचे असतात. गॅसचं सिलिंडर. भाकऱ्या थापायला येणाऱ्या दोघी, त्यांना आठवड्याला. मे संपला की पाऊस, पाऊस लागला की पर्यटक नाही, म्हणजे जून ते गणपतीपर्यंतचं घर ह्याच महिन्यात कमवायचं. तिच्या ६० हजारांत बचत गटाचा हप्ताही होता. ती मोठ्याने काही बोलली नाही, पण गटाच्या बैठकीत खातं पोलिसांनी धरलंय असं सांगणं म्हणजे काय, ते मी त्या बायकांच्या बसण्यावरून पाहिलं. पैशांहून ते तिला जास्त लागलं असावं.

तौक्ते वादळ आठवलं मला. २०२१चा मे, १६ तारखेच्या वाऱ्याने आमच्याकडे पोल आडवे झाले, कित्येक वाड्यांत अनेक दिवस वीज नव्हती, टॉवर मुके, एटीएम बंद. देश डिजिटल झालाय वगैरे सगळं छपरांच्या कौलांबरोबर उडालं होतं आणि दुकानदारांनी माळ्यावरून खतावण्या काढल्या. तेव्हा कुणी कुणाचं काही रोखलं नाही. नाव लिहिलं, आकडा लिहिला, वीज आली की बघू. पुढे ३ जानेवारी २०२२ला रिझर्व्ह बँकेने इंटरनेट नसताना २०० रुपयांपर्यंतचे व्यवहार करायची चौकट आणली, मी ती कौतुकाने वाचली. कुठल्या वादळाचा तिच्याशी संबंध नव्हता, पण मला वाचताना ती खतावणीच दिसत होती.

तर अर्ज. रिझर्व्ह बँकेच्या एकात्मिक लोकपाल योजनेत, १२ नोव्हेंबर २०२१ची, एक गंमत आहे. आधी बँकेकडे लेखी तक्रार, ३० दिवसांत उत्तर नाही किंवा पटलं नाही तर लोकपाल, फी शून्य. आणि तक्रार स्वतः करायची किंवा प्रतिनिधीमार्फत, पण तो प्रतिनिधी वकील चालत नाही, वकील स्वतःच पीडित असेल तर वेगळं. नियम उत्तम आहे, नाहीतर आम्ही लोकांनी तिथेही तारखा पाडल्या असत्या. परिणाम इतकाच की ज्या विषयात माझी वकिली गेली त्यात काकीच्या कामाला मी वकील म्हणून उपयोगाची नव्हते. तिची बारावीतली नात उपयोगाची होती. तिने फोनवर टाइप केलं, मी शेजारी बसून फणसाचे गरे काढत सांगत गेले. बँकेला वेगळा अर्ज, त्या लांबच्या पोलिसांना वेगळा, इंग्रजीत आणि खाली हिंदीत, सोबत त्या दिवसाच्या बिलबुकाची प्रत. संशयित रक्कम १,८५०, तेवढीच राखून ठेवा, बाकी मोकळी करा, आणि जप्तीचा अहवाल कुठल्या दंडाधिकाऱ्यांकडे दिला ते कळवा. शेवटचं वाक्य नातीने काढायला लावलं होतं, पोलीस रागावतील म्हणून. मी ठेवायला लावलं. लोकपालापर्यंत जायची वेळ आली नाही. मृग लागायच्या आत बँकेने फ्रीझ काढून तेवढ्या रकमेवर धारणाधिकार ठेवला. पोलिसांचं उत्तर आलं नाही. १,८५० रुपये अजून खात्यात आहेत, पासबुकात दिसतात, काढता येत नाहीत.

त्यानंतर काकीने जे केलं ते मी तिला सांगितलं नव्हतं. तिने शाखेत जाऊन नवं खातं उघडलं. बॉक्स त्या खात्याला जोडला. रात्री मांडव आवरला की नात त्यातले सगळे पैसे जुन्या खात्यात पाठवते, नव्यात काही ठेवत नाही. “ह्या खाता पावण्यांचा, ता खाता आमचा.” पेमेंट ॲग्रीगेटर, म्हणजे दुकानदारांच्या वतीने ग्राहकांचे पैसे गोळा करणाऱ्या कंपन्यांनी लोकांचे पैसे आपल्या पैशांत न मिसळता वेगळ्या एस्क्रो खात्यात ठेवावेत, हे रिझर्व्ह बँकेने १७ मार्च २०२०ला लिहून काढलं आणि त्या खात्याचे करार करण्यात माझे बरेच महिने गेले. काकीचं एस्क्रो नेमकं उलट्या हेतूचं आहे, स्वतःचे पैसे पाहुण्यांच्या पैशांपासून वाचवायचं. पक्कं नाही ते. माग काढणारा रात्रीची ती उडी सहज ओलांडेल आणि जुन्या खात्यापर्यंत येईल, मी तिला तसं सांगितलंही. ती म्हणाली, येऊ दे, तेवढाच एक दिवस जास्त लागेल. बाजारात चौकशी केली तर कळलं की किनाऱ्यावरच्या कितीतरी जणांनी हे आधीच केलंय. पर्यटकांना सुनेचा क्यूआर, ओळखीच्यांना स्वतःचा. कुणा वकिलाला विचारलं नव्हतं.

मी फक्त एक भर घातली. बिलबुकात प्रत्येक बिलावर तारीख, वेळ, काय खाल्लं आणि गाडीचा नंबर लिहायला सांगितलं, उद्या कुणी विचारलं तर जेवण खरंच वाढलं होतं हे दाखवायला. काकी ते मनापासून करते, जरा जास्तच. बँकेने दरवर्षी आधार, पॅन आणि फोटो मागून तिला जे जे भोगायला लावलं होतं ते सगळं आता ती गिऱ्हाइकांवर काढते असा मला संशय आहे. परवा मांडवात बसले होते तेव्हा पुण्याच्या एका गृहस्थांनी विचारलं, अहो, दोन बांगडा थाळ्यांसाठी गाडीचा नंबर कशाला?

“केवायसी,” काकी म्हणाली, आणि नातीला ओरडून सांगितलं की त्यांचा फोन नंबर पण घे.